पेला टेबलावर आहे

मंगळवार, संध्याकाळ. परळ.

१. दादरच्या जर्मनच्या वर्गाला श्वेता आजही आली नाही.
२. आज जोडीचा सराव होता. एकीने वस्तू ठेवायची, दुसरीने ती कुठे आहे ते सांगायचं.
३. मी एकटी उरले. बाई म्हणाल्या, घरी करा.

घरी केला. पेला टेबलावर ठेवला: ‘ठेवणे’ म्हणजे श्टेलेन, टेबल अक्कुझाटिव विभक्तीत. मग समोरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि पेला टेबलावर आहे असं सांगितलं: आता क्रियापद श्टेहेन, आणि तेच टेबल डाटिव विभक्तीत. एकही चूक नाही. पण मीच ठेवलेला पेला कुठे आहे, हे मी मलाच सांगायचं?

शेजारच्या सावंतकाकी दारात थांबल्या. "कोणावांगडा बोलतंस गो?"

"पेल्याशी."

"मगे तेका चाय तरी दी!"

मीही हसले. काकी गेल्या.

आई दादाकडे पुण्याला राहायला गेल्यापासून या घरात वस्तू ठेवावी तिथेच राहते. आधी आई सगळं हलवायची आणि मी चिडायचे. आता जेवून, भांडी घासून आले, तरी पेला टेबलावरच आहे. कोण हलवणार?

तोंडी परीक्षा जोडीनेच द्यायची असते. श्वेताशिवाय मी वर्गात कुणाशी बोललेलीच नाही, हे तिला कळवायची गरज नाही. एवढंच लिहून पाठवलं:

"श्वेता, परीक्षेला माझ्याबरोबर बसणार आहेस का? उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल, पण शुक्रवारपर्यंत कळव."