बॅटरी जुनी नव्हती

बाबा, आज सकाळी कोलकात्यात, डमडमला आमच्या इमारतीखाली माझी गाडी सुरू झाली नाही. किल्ली फिरवली तर नुसतं टिक. पुन्हा फिरवली, पुन्हा टिक. तुम्ही असतात तर तिसऱ्यांदा फिरवू दिली नसती. आधी ऐकायचं, मग बॉनेट उघडायचं, हा तुमचा नियम. नुसतं टिक वाजलं तर बॅटरी. स्टार्टर घरघरतोय पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल पोचत नाही नाहीतर प्लग ओला झालाय. टर्मिनलवर पांढरं धरलं असेल तर किटलीतलं गरम पाणी. आणि गल्लीत सायलेन्सरपर्यंत पाणी साचलं असेल तर किल्लीला हातच लावायचा नाही. माझ्या वर्गातल्या बंगाली मुली रविवारी सकाळी गाणं शिकायला जायच्या आणि मी तुमच्याशेजारी उकिडवी बसून पॉलिश पेपरने प्लग घासत असायचे. एकदा मी किल्ली सोडलीच नाही, फिरवतच राहिले, तेव्हा तुम्ही अख्ख्या गल्लीसमोर म्हणालात, "गाडीशी भांडतेस कशाला? तिला काय होतंय ते तरी विचार." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. बोलायला हवं होतं, असं आता प्रत्येक दिवसाबद्दल वाटतं.

मग तुमचा गुडघा गेला, डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली आणि जिने उतरणंही बंद झालं. मी पुण्याची नोकरी सोडून तुमच्यासाठी परत आले होते, आणि ते मी तुम्हाला विसरू देत नव्हते. तुम्ही माझ्याकडे एकच काम सोपवलंत. दर रविवारी खाली जाऊन गाडी दहा मिनिटं चालू ठेवायची, जमलं तर तळ्यापर्यंत एक चक्कर मारायची. पहिले दोन रविवार मी ते केलं. तिसऱ्या रविवारी कंटाळा आला. गॅरेज मागच्या अंगाला, आपण तिसऱ्या मजल्यावर, वर काही ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. किल्ली घेऊन मी कोपऱ्यावर गेले, मातीच्या कुल्हडमधला चहा प्यायले आणि वर आले. तुम्ही विचारलंत, "झालं?" मी म्हटलं, "झालं." "पहिल्या झटक्यात?" "पहिल्या झटक्यात." तुम्ही मान डोलावलीत आणि पुन्हा पेपरात डोकं घातलंत. पुढचे तीन महिने हेच. तुमच्या चेहऱ्यावर ते समाधान यायचं तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला राग यायचा. एका गाडीचं एवढं काय, असं वाटायचं.

त्या सकाळी तुम्ही न्हाणीघरातून छाती धरूनच बाहेर आलात. मी अँब्युलन्ससाठी फोन लावत होते, तर तुम्हीच मला थांबवलंत. "कशाला? आपली गाडी आहे ना खाली." पहिल्या मजल्यावरचे बंगाली काका, आपले मेशोमोशाय, आले, तुम्हाला खुर्चीत बसवून आम्ही तीन जिने उतरलो. तुम्ही मागे आईच्या खांद्यावर रेललेले. मी किल्ली फिरवते. टिक. पुन्हा टिक. आरशात तुमचे डोळे मिटलेले आहेत, पण तुम्ही ऐकताय हे मला कळतं, कारण तुम्ही आयुष्यभर आधी ऐकलंतच. तुम्हाला टिक ऐकून सगळं कळलं असणार. किती रविवार, तेसुद्धा. मी वाट बघत होते की तुम्ही ओरडाल. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

"धाक्का दिलेई होये जाबे, मा," धक्का दिला की होईल, असं मेशोमोशाय म्हणाले आणि त्या वयात धोतर खोचून मागे गेले. दरवान आला, इस्त्रीवाला आला. ढकलत ढकलत त्यांनी गाडी गॅरेजमधून काढली, वळवली, गल्लीच्या उतारापर्यंत नेली. दोनदा झटका खाऊन बंद पडली. मागून तुमचा आवाज आला, अगदी बारीक. "दुसरा गिअर. क्लच एकदम सोड." मी सोडला आणि इंजिन पकडलं. पंधरा मिनिटं गेली होती. हॉस्पिटल आपल्या घरापासून दहा मिनिटांवर होतं.

स्ट्रेचरवर घेताना आई रडत म्हणाली, नेमकी आजच कशी बंद पडली हो गाडी. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, "बॅटरी जुनी झाली होती. माझ्याकडूनच बदलायची राहिली." मी तिथेच उभी होते. त्यानंतर तुम्ही कुणाशीच बोलला नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं संपलं. पंधरा मिनिटांनी फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. आजवर कुठल्याच डॉक्टरला विचारलेलं नाही.

तेरावा झाल्यावर गाडी विकायला काढली. कागद शोधताना डॅशबोर्डच्या खणात बॅटरीची पावती सापडली. तुमच्या अक्षरात वर 'नवीन' लिहिलेलं. तुम्ही गाडी चालवणं सोडलंत त्याच्या आदल्याच महिन्यात घेतलेली. घरात पापडाच्या पाकिटावरची तारीखसुद्धा विसरू न देणारा माणूस ती बॅटरी विसरला असेल, हे कुणाला पटेल? आईला पटलं. तुम्ही म्हणालात म्हणून पटलं.

आज मेकॅनिक आला. त्याने पहिलं हेच विचारलं, "कोतोदिन चालाननि, दीदी?" किती दिवस चालवली नाही. मी म्हटलं, तीन आठवडे, मला ताप होता. त्याने केबल लावली, गाडी लगेच सुरू झाली. आई वर गॅलरीत उभी होती. ती आता माझ्याकडेच असते, गुडघे तिचेही गेलेत. मी वर आले तर म्हणाली, "बॅटरीच ना? तुझ्या बाबांचंही तेच झालं. एवढा शिस्तीचा माणूस, पण स्वतःच्या जिवाच्या वेळी हलगर्जीपणा केला. मला नाही गं विसरता येत. मी अजून रागावते त्यांच्यावर, रोज देवापुढे बसले की रागावते."

नऊ वर्षं ती हे म्हणतेय, बाबा. आजही मी तिच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, "हो गं, बदलायला हवी होती त्यांनी."