पुढच्या दारातला कोळी

मानोरा, ६ मार्च १९३८
पंचफुलेला माहेरी जाऊन बारा दिवस झाले. घर कसं शांत आहे. वाचन होतं. कारण क्षुल्लक होतं. पाहुण्यांसमोर कोळी दिसला, मी बाजेवर चढलो, ती हसली. हसण्याला मर्यादा असते. मी म्हणालो, कारंज्याला जाऊन हस, मी वाशीमला बदली घेतो. मुद्दा तत्त्वाचा होता.

९ मार्च
पुढच्या दाराच्या चौकटीत, बाहेरून, एका कोळ्याने जाळं विणलंय. संकल्प: रोज पंधरा मिनिटं निरीक्षण करायचं. ती येईल तेव्हा कोळी तळहातावर घेऊन दाखवीन. आज सहा हातांवरून पाहिला. डोळे उघडे होते, बहुतेक वेळ.

१५ मार्च
पाच हात. प्रगती समाधानकारक. जाळं मोडू नये म्हणून पुढचं दार बंद ठेवून मागच्या दाराने ये-जा करतो. भीतीचा संबंध नाही, शास्त्रीय कारण आहे. लाकडं विकायला येणाऱ्या तांड्यावरच्या धनीबाईने विचारलं, "मास्तर, पुढचं दार काहून लावून ठेवलं?" तिला शास्त्र काय कळणार.

२२ मार्च
पंचफुलेचं पत्र नाही. मीही लिहीत नाही. कोळ्याकडून शिकण्यासारखं आहे. तो कोणाच्या मागे धावत नाही, जागेवर बसतो, येणारं येतं. आमच्याकडे बायकोला आणायला नवऱ्याने जायची रीत आहे. मी ती मोडणार. भाजी खारट झाली.

३० मार्च
चार हात. सकाळी जाळ्यावर ऊन पडलं होतं. खोटं कशाला लिहू, सुंदर दिसलं. इतके बारीक धागे, आणि सगळे सारख्या अंतरावर. मुलांना रेघा आखायला शिकवून माझा जन्म गेला, एकाची रेघ सरळ येत नाही. हे तिला सांगायला हवं. आली की सांगेन.

७ एप्रिल
पोहरादेवीच्या जत्रेची वर्दळ. दुपारी मागच्या अंगणात भांडी घासत होतो. पुढे घुंगरांचा आवाज आला, एक दमणी दाराशी थोडी थांबली आणि गेली. बैल दमले असतील. जाऊन पाहिलं, जाळं शाबूत. कोळी जागचा हलला नव्हता. मीही हललो नव्हतो. दोघांचं साधतंय.

१२ एप्रिल
धनीबाई जत्रेहून आली. म्हणाली, पंचफुला तिथे भेटली, भाऊ उकंडरावसोबत. आधी दमणी घेऊन इथे आली होती. सामानाची पेटीही होती. दाराला जाळं पाहून तिला वाटलं, मी बदली घेऊन गेलो. उकंडरावही म्हणाला, "इथं कोनी राह्यत नाई, बाई." धनीबाईने तिला सांगितलं की मास्तर इथंच आहेत, मागच्या दारानं येतात-जातात. त्यावर पंचफुला म्हणाली, "ज्याले दारातलं जाळं काढता येत नाई, थो मले न्यायले काय येईन." आणि दमणी कारंज्याला गेली.
घुंगरं मी ऐकली होती. राख भरल्या हातांनी बसून राहिलो होतो.

१३ एप्रिल
केरसुणी घेऊन दारात अर्धा तास उभा होतो. शेवटी धनीबाईला बोलावलं. तिने एका हाताने जाळं ओढून टाकलं आणि विचारलं, "एवढ्यासाठी?" मी हो म्हणालो.

१४ एप्रिल
शाळेला सुट्टी. पुढचं दार दिवसभर उघडं ठेवलं. कोणी आलं नाही. संध्याकाळी तोच कोळी वरच्या कोपऱ्यातून उतरला आणि पहिल्यापासून विणायला लागला. रुसला नाही. मी उंबऱ्यावर बसलो होतो, जाळ्यापासून एका हातावर, चौकटीला हात टेकून. तो माझ्या मनगटावरून चालत पलीकडे गेला. भीती वाटली नाही. मान वळवून आत पाहिलं, सांगायला. घरात कोणी नव्हतं.
उद्या सकाळी कारंज्याची मोटार आहे. धोतर धुवायला टाकलंय, वाळलं तर जाईन.
मोटार परवाही असते.