पहिली झेप पाटीची

प्रिय ओर्टविन,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. वीस वर्षांची सवय आहे, खोडत बसत नाही.

काल इथे, ग्राइफ्सवाल्डच्या विभागात, चौकशी समितीने तुझं पत्र वाचून दाखवलं. किती सभ्य लिहितोस रे! "कॅमेऱ्यांची जुळणी फेन्याकडे होती, अननुभवामुळे हयगय झाली असावी." त्या 'असावी'वर तर मी फिदा झाले. एका मुलीची डॉक्टरेट बुडवायची, आणि तीही हातमोजे घालून! फेन्या समोरच बसली होती. एवढंच म्हणाली, "मला वाटलं, सर विसरले असतील."

तू काही विसरलेला नाहीस. बोर्दोचं ते विमान आठव, एकेका झेपेत बावीस सेकंद सगळ्यांना तरंगवणारं. झेपेत वजन नाहीसं झालं की कॅमेऱ्यांची चौकट केसभर सैलावते आणि जमिनीवर जुळवलेले चारही कॅमेरे एकमेकांशी फटकून वागू लागतात. म्हणून आपल्याकडे पहिली झेप ठिपक्यांच्या पाटीची. तिचे फोटो घेऊन कॅमेरे जुळवायचे आधी, प्रयोगाची धूळ सोडायची नंतर. फेन्या पाटी आत सरकवणार, तेवढ्यात तू ओरडलास, "अगं बाई, ठेव ती पाटी! बावीस सेकंदांत काय शाळा भरवतेस? सोड धूळ!" सगळे हसले. मीही.

धूळ त्या चमकत्या प्लाझ्मा-वायूत सुरेख तरंगली, कबूल. पुढे फिल्म तपासताना धुळीच्या ढगात तुला कुणीच न पाहिलेला दुसरा थर सापडला. निबंध, टाळ्या, म्युनिकची प्राध्यापकाची खुर्ची! तो थर म्हणजे तेच कण होते, न जुळलेल्या कॅमेऱ्यांना दोनदा दिसलेले. हे फेन्याने शोधलं आणि वेड्यासारखं आधी तुलाच कळवलं. तू ते तिच्याच गळ्यात बांधलंस.

समिती तुझं ऐकते, कारण उड्डाणाच्या नोंदवहीत 'पाटी घेतली' असं लिहिलंय. मग जुळणीतली चूक फेन्याचीच, नाही का? ते अक्षर माझं आहे, ओर्टविन. झेपेआधीच सगळे रकाने भरून बसले होते, आणि चौकशी सुरू झाल्यापासून दोन महिने गप्प आहे. तुझ्यावर एवढी चिडलेय, त्यातला निम्मा राग माझ्या वाटणीचा. उद्या दहाला मी समितीला सगळं सांगणार आहे. आधी माझं, मग तुझं. तुला विचारायला हे लिहीत नाहीये. दहाच्या आत तू स्वतः फेन्याला फोन करू शकतोस, एवढंच कळवायचं होतं.

दहापर्यंत तरी तुझीच,
वीब्के