फ्रँकफर्टच्या तालमीला बाबा

फ्रँकफर्ट, ४ मार्च १९२७

ती. बाबांस,
हेल्माचा सा. न. वि. वि.

एबेलिंग यांच्या नव्या रचनेत व्हायोला एकटीनं पुढे बसून वाजवायची आहे. वाजवणारे गृहस्थ आजारी पडले, म्हणून एबेलिंगनी काल मला विचारलं आणि मी विचार न करता हो म्हणून बसले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. पंधरा जणांचा मेळ, त्यात व्हायोलिन एकही नाही. बहुतेक सगळे फुंकणारे. त्यांच्यात माझं वाद्य बुडून जातं. ट्रॉम्बोनवाल्यानं विचारलंच, की बाई वाजवतायत की नुसता हात हलवतायत. तुमच्या व्हायोलाचा आवाज मोठा आहे. २७ तारखेच्या कार्यक्रमापर्यंत वापरायला द्याल का? आत्याला नमस्कार. राग नसावा, लोभ असावा.

तुमची,
हेल्मा

कासेल, ७ मार्च

चि. हेल्मा हिस अनेक आशीर्वाद.

पंधरा जणांत ज्याला एका व्हायोलिनला जागा सापडली नाही, त्या माणसाविषयी मी काय बोलावं? कारखान्याचा भोंगा तरी घेतलाय का त्यानं? मला रोज सकाळी नाटकगृहात तालमीला जावं लागतं. वाद्य तुला दिलं तर तिथे काय शीळ घालू? व्हायोला मिळायची नाही. जेवत जा. ओटिली आत्यानं सॉसेज पाठवलंय, ते मैत्रिणींत वाटून टाकू नकोस.

तुझा,
बाबा

कासेल, ८ मार्च

चि. हेल्मास आत्याचे आशीर्वाद.

दादा बाहेर गेलाय तोवर लिहिते. जानेवारीत तो चष्मा विसरला म्हणून मी नाटकगृहात घेऊन गेले. दारवान म्हणाला, ते तर नाताळातच नोकरी सोडून गेले. डाव्या हाताची दोन बोटं तारेवर दाबलीच जात नाहीत म्हणे. तरी हा रोज सकाळी व्हायोलाची पेटी घेऊन निघतो, नदीकाठच्या बागेत बसतो आणि दुपारी जेवायला येतो. पेटी तुला दिली तर घराबाहेर पडायला निमित्त कुठलं? मी त्याला विचारलेलं नाही. विचारलं, तर उद्यापासून तो जाईल कुठे? तूही विचारू नकोस. आपला जीव सांभाळ.

ओटिली आत्या

फ्रँकफर्ट, ११ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

व्हायोलाचं राहू द्या. दुसरंच मागते. तिसऱ्या भागात गज कसा चालवावा, हे सांगणारं इथे कोणी नाही, सगळे फुंकणारे. नाटकगृहानं रजा दिली तर दोन आठवडे याल का? वाद्य हाताशी असू द्या, मी मागणार नाही. नाही म्हणू नका, मला खरंच भीती वाटते आहे.

हेल्मा

फ्रँकफर्ट, २७ मार्च

ती. आत्यास,
हेल्माचा सा. न. वि. वि.

बाबा आतल्या खोलीत झोपलेत. आल्या दिवशी ते तालमीत कोपऱ्यात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी उठून आले, स्वतःची व्हायोला माझ्या मांडीवर ठेवली आणि ट्रॉम्बोनवाल्याचं बरोबर आहे, एवढंच म्हणाले. नंतर एबेलिंगना सुनावलं, की ही ओळ माणसाच्या हातासाठी लिहिलेली नाही. त्या दोघांचं तासभर जुंपलं. शेवटी ओळ तशीच राहिली, गज मात्र बाबांनी सांगितला तसा.

आज सकाळी कार्यक्रम झाला. दुसऱ्या भागानंतर निम्मं सभागृह निषेधाच्या शिट्ट्या मारायला लागलं. तेवढ्यात बाबा उभे राहिले आणि मागच्या गृहस्थांना म्हणाले, मलाही हे आवडलेलं नाही, पण मी ऐकतोय, तुम्हीही ऐका. पुढचं मी कसं वाजवलं ते आठवत नाही. ट्रॉम्बोनवाल्यानं मात्र माझी बॅग ट्रामपर्यंत उचलून आणली.

पुलावर बाबा थांबले. हातमोजा काढून दोन बोटं दाखवली आणि सगळं सांगितलं, नाताळापासूनचं, बागेतल्या बाकासकट. मी पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकलं. रडू मात्र खरं आलं.

ते मंगळवारी तिकडे निघतील. म्हणाले, ओटिलीला मी स्वतःच सांगेन, पण जरा जपून, तिला कसलीच कल्पना नाही. तेव्हा आत्या, तुम्हाला धक्का बसायला हवा. आहे तो लोभ असाच असावा.

तुमची,
हेल्मा