काशीला निघालेले मस्कतचे पासपोर्ट

गवीपुरम, बेंगळूरु
गणपती बोळवल्याचा दुसरा दिवस

ती. आप्पाजी यांच्या चरणी,

विश्वासरावचा दंडवत. (गुडघा वाकत नाही, तेव्हा दंडवत कागदावरच घातला आहे, तो तिथेच मानून घ्यावा.) तुमचा खोकला आता कसा आहे? वैनींना रात्री झोप लागते का? म्हैस व्याली असेल तर तेही कळवावं, कारण तुमची बहीण दर दोन दिवसांनी म्हशीची चौकशी करते आणि मला उत्तर देता येत नाही. आम्ही दोघं मस्कतहून गेल्या आठवड्यात सुखरूप परतलो. रक्षिता आणि बाळ छान आहेत. नात तुमच्या बहिणीसारखी दिसते आणि तिच्यासारखीच न बोलता नुसती बघत राहते. जावई तनयरावांनी आमचं फार केलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि मला फोनवर नीट सांगता येत नाही. शिवाय मस्कतला जाण्याच्या दिवशी काय झालं याच्या दोन-तीन निरनिराळ्या हकिगती निपाणीपर्यंत पोचल्या आहेत असं कानावर आलं. त्यांतल्या एका हकिगतीत म्हणे मला विमानातून खाली उतरवलं. तसं काही झालेलं नाही. म्हणून खरं काय ते बैजवार लिहितो.

रक्षिताचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलं होतं. तिच्या सासूबाई पुण्यात कंबरेचं ऑपरेशन होऊन पडलेल्या. तिथे परमुलखात तिच्याजवळ दुसरं बाईमाणूस नव्हतं. त्यामुळे ह्या वेळेचं जाणं हे काही सहलीचं जाणं नव्हतं, आणि तुमच्या बहिणीला तर पोरीपाशी पोचण्यापलीकडे दुसरं काही सुचतच नव्हतं. आमचा विराट महादेवपुऱ्याहून येऊन मला म्हणाला, कागदपत्रं मी मोबाइलवर घालून देतो. मी त्याला सांगितलं की बाबा रे, ज्या माणसानं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात उभी नोकरी स्टोअरकीपर म्हणून काढली, ज्याच्या हाताखालून एक वॉशर हिशेबाबाहेर गेला नाही, त्याला तू कागद कसे ठेवायचे ते शिकवू नकोस. (त्यानं नंतर आईला काय सांगितलं ते मला कळू दिलेलं नाही.)

मग मी कामाला लागलो. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, तिकिटं, विम्याचे कागद, रक्षिताच्या डॉक्टरांचं पत्र, आमच्या लग्नाचा दाखला, माझ्या पेन्शनचा पुरावा, गुडघ्याचा एक्स-रे (मशीनमध्ये काही वाजलं तर दाखवायला) असं सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवून, एका निळ्या फायलीत लावलं. फाईल इतकी देखणी झाली की मी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागलो. आणि इथेच गुंडोचा संबंध येतो.

गुंडो तुम्हाला आठवत असेल. आमच्या समोरचा, शाळेत चित्रकला शिकवायचा तो. विराटच्या लग्नात सगळी रांगोळी त्यानंच काढली होती. त्याची कौशल्या गेल्यापासून तो एकटाच असतो. दोघांचं काशीला जायचं फार वर्षं चाललं होतं, ते राहून गेलं. यंदा इथल्या काही मंडळींबरोबर जायचं त्यानं शेवटी ठरवलं, आणि योगायोग असा की त्याची गाडी आणि आमचं विमान एकाच दिवशी आलं. त्याची गाडी सकाळी, आमचं विमान संध्याकाळी. गुंडोचे कागद म्हणाल तर आधार कार्ड देव्हाऱ्यात, तिकीट भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे आणि साखरेचा रिपोर्ट स्वयंपाकघरात डब्याखाली. मला ते बघवेना. मी म्हटलं, आण इकडे सगळं, तुझीही फाईल करून देतो. तो म्हणाला, "कशाला विश्वासण्णा, स्वल्प तर कागद हैत." पण मी ऐकलं नाही. दुकानातून तसलीच दुसरी निळी फाईल आणली.

आता फायलींवर नावं घालावीत असं कोणीही म्हणेल. पण नाव वाचून चोराला कळतं की आत काय आहे. म्हणून मी खुणेची अक्षरं घातली. आमच्या फायलीवर 'आ', म्हणजे आपली. गुंडोच्या फायलीवर 'दु', म्हणजे दुसऱ्याची. मग दोन्ही फायली चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद केल्या आणि पट्टीवर सही केली, जेणेकरून ऐन वेळी कोणी आत हात घालून क्रम बिघडवू नये. स्टोअरमधून माल बाहेर पडायचा तेव्हा आम्ही असंच सील करत असू.

गुंडो निघाला त्या सकाळी मी दोन्ही फायली टेबलावर मांडल्या होत्या. स्टोअरची सवय अशी की आधी जाणारा माल आधी उचलायचा. 'आ' दिसला. आ म्हणजे आधी जाणारी. 'दु' म्हणजे दुसऱ्या खेपेची. इतकं सरळ होतं, आप्पाजी, की मनात शंकाही आली नाही. 'आ' फाईल गुंडोच्या हातात दिली, ती उराशी धरून जा म्हणून बजावलं, आणि कोणी मागेपर्यंत सील तोडायचं नाही असं वचन घेतलं. गुंडोनं ते पाळलं. त्याच्या घराची किल्ली त्यानं विराटकडे ठेवायला म्हणून माझ्याकडे दिली, ती मी माझ्या कपाटात व्यवस्थित टांगली.

गाडीनं धर्मावरम सोडलं तेव्हा टीसी आला. गुंडोनं सील तोडलं आणि तिकीट म्हणून पहिला कागद काढला तो आमच्या लग्नाचा दाखला. दुसरा काढला तो तुमच्या बहिणीचा पासपोर्ट. टीसी भला होता. यादीत नाव होतं, मंडळींनी ओळख दिली, त्यामुळे गुंडोला काही त्रास झाला नाही. त्यानं मला फोन केला. म्हणाला, "विश्वासण्णा, तुमचे पासपोर्ट माझ्यापाशी हैत." मी म्हटलं, शक्य नाही, आमची फाईल माझ्यासमोर सीलबंद आहे. तो म्हणाला, "सरी, पण अक्काचा फोटो मला दिसायलाय." (सरी म्हणजे बरं, आणि अक्का म्हणजे तुमची बहीण.)

तुमची बहीण शेजारी उभी होती. तिनं माझ्या हातातून फाईल घेतली आणि कात्रीनं पट्टी कापली. आतून गुंडोचं काशीचं तिकीट निघालं, आधार निघालं, साखरेचा रिपोर्ट निघाला. चाळीस वर्षांच्या संसारात ती मला पुष्कळ बोलली आहे, त्याचं मला काही वाटलं नाही. पण त्या दिवशी ती टेबलाचा कोपरा धरून नुसती बसली आणि हळूच म्हणाली, "माझी पोरगी तिथं एकटी आहे."

मी फोनवर गुंडोला सांगत होतो की पुढच्या स्टेशनवर कोणाकडे तरी दे, कुरियर कर, स्टेशनमास्तरला सांग. माझंच मला कळत होतं की यातलं काही वेळेत होण्यासारखं नाही. तो मधेच म्हणाला, "मी उतरतो. तुम्ही विमानतळाजवळ देवनहळ्ळीला या. अनंतपूरची बस तिकडूनच येती." मी म्हटलं, अरे, आणि काशी? तो म्हणाला, "काशी कुठं जाती?" आणि फोन बंद झाला.

मंडळींनी त्याला पुष्कळ अडवलं असं मागाहून कळलं. पण तो अनंतपूरला उतरला. उतरायची इतकी घाई झाली की बाकाखालची त्याची बॅग दुसऱ्यांच्या सामानामागून निघेना, तेव्हा ती तशीच सोडून नुसती फाईल घेऊन उतरला. (ती बॅग पुढे रीतसर काशीला जाऊन आली. मंडळींनी तिला परत आणली तेव्हा वर गंध लावलेलं होतं.)

आम्ही सामान घेऊन देवनहळ्ळीच्या बस स्टँडवर जाऊन बसलो. गुंडोचा फोन लागत नव्हता, चार्जिंग संपलं होतं. आंध्रकडून येणारी प्रत्येक बस थांबली की मी दाराशी जाऊन गुंडो, गुंडो म्हणून हाका मारत होतो. एका कंडक्टरनं मला समजावून सांगितलं की ही बस गुंडलुपेटेला जात नाही, त्यासाठी म्हैसूरकडची धरायला हवी. तुमची बहीण बाकावर डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, आणि प्रत्येक बस रिकामी निघाली की डब्यावरची पकड घट्ट करत होती. विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर. डोक्यावरून विमानं उतरताना दिसत होती. मी ती बघायचं सोडून दिलं.

शेवटी एक बस आली आणि तिच्या मागच्या दारातून गुंडो उतरला. पायात एकच चप्पल होती, दुसरी अनंतपूरच्या गर्दीत गेली. फाईल त्यानं अंगावरच्या टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली होती, घाम लागू नये म्हणून. माझ्याजवळ येऊन, हातात देऊन म्हणाला, "विश्वासण्णा, सील मोडावं लागलं. बाकी मी काही हलवलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा कागद न मोजता माल ताब्यात घेतला. तुमच्या बहिणीनं लाडवांचा डबा उघडला, त्याला बाकावर बसवलं आणि म्हणाली, "आधी खा." तो म्हणाला, हे रक्षिताचे हैत. ती म्हणाली, "तिला तिथं नवे करीन. आता जाणार आहे मी तिथं." त्या बाकावर मी त्याची 'दु' फाईल त्याला परत दिली. ती घेऊन त्यानं काय करायचं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

विमानतळावरची गंमत ऐका. काउंटरवरच्या मुलीनं दोन पासपोर्ट आणि दोन व्हिसाचे कागद बघितले आणि पास दिले. मी लग्नाचा दाखला पुढे केला, विमा केला, एक्स-रे केला. ती हसून म्हणाली, "साकु सार." म्हणजे पुरे. इतक्या मेहनतीनं लावलेल्या फायलीतले चार कागद लागले, बाकीचे नुसते माझ्याबरोबर मस्कत बघून आले.

त्याच आठवड्यात रक्षिताला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. तनयराव कामावर लांब होते. तुमची बहीण घरात होती म्हणून वेळेत नेलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. नात जन्मली तेव्हा मी बाहेर बाकावर होतो आणि मला राहून राहून एक चप्पल घातलेला गुंडो दिसत होता.

त्याच्या घराच्या किल्लीचंही सांगून टाकतो, कारण ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळेलच. देवनहळ्ळीला मी आठवणीनं त्याला आमच्या घराची किल्ली दिली, आत जाऊन कपाटातून तुझी घे म्हणून. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती, ती मस्कतला उतरल्यावर सापडली. विराटनं सुतार आणेपर्यंत गुंडो आमच्याच घरी राहिला. फोनवर विचारलं तर म्हणाला, तुमच्याकडचा पंखा चांगला हाय.

आल्याबरोबर त्याच्याकडे गेलो. आभार मानायचे म्हणून वाक्यं जुळवून गेलो होतो. त्यानं बाळाचे फोटो बघितले, पुन्हा पुन्हा बघितले, आणि म्हणाला नाक अक्काचं हाय. माझी वाक्यं तशीच राहिली. देवानं आम्हाला काही कमी दिलं असं आता मी म्हणणार नाही. ज्याच्या समोरच्या दारात असा माणूस राहतो त्यानं तसं म्हणू नये.

वैनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. खोकल्याला आडुळसा घ्यावा.

तुमचा,
विश्वासराव

ता. क. एक विनंती आहे, खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. तुमचं भजनी मंडळ कार्तिकात काशीला निघणार असं ऐकतो. त्यात गुंडोसाठी एक जागा धरावी. मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नये, नाहीतर तो यायचा नाही. कोणाचं तरी रद्द झालं, जागा वाया जाते, असं तुम्हीच त्याला कळवावं. खोटं तुमच्या तोंडून बरं वाटेल, तुम्ही वडीलधारे आहात.

आणखी ता. क. गुंडोच्या कागदांची काळजी करू नये. ते मी स्वतः व्यवस्थित लावून देईन. या खेपेला फायलीचा रंग वेगळा घेणार आहे.

अण्णा, मी तुमची बहीण सोयरा. हे पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली लिहिते. जागा एक नको, तीन धरा. ह्यांना गुंडोभावजींबरोबर जायचंय, पण मागायला तोंड होत नाही. रोज सकाळी कॅलेंडरात कार्तिक बघतात आणि मी आले की पान उलटतात. तिघांचेही कागद मी ठेवलेत. कुठे ठेवलेत ते तुम्हालाही लिहीत नाही, कारण पाकीट बंद करायच्या आधी हे पुन्हा एकदा वाचणार. म्हैस व्याली का?