लातूर डेस्कवरची खुर्ची

३ नोव्हेंबर, सोमवार
आज डायलिसिस. सकाळची पाळी मिळाली नाही, त्यामुळे मशीनवर असतानाच मोबाईलवर उद्याच्या पेपरचं पान उघडलं. डाव्या हाताला सुया, उजवा मोकळा. तेवढं पुरतं. शेजारच्या खुर्चीवर नेहमीचे कदम मास्तर, मुखेडचे. म्हणाले, "ओ पत्रकार, रक्त हितं धुवायलंय अन् ध्यान तिकडं. मशीनला तरी लाज वाटंल." सिस्टरही रागावली, हात हलवू नका म्हणून.
सुया काढल्यावर ऑटोने थेट ऑफिस. लातूर जिल्ह्याचं पान आमच्या नांदेडच्या ऑफिसात लागतं, आणि डाक आवृत्ती साडेसातला जाते. चाकूर, मुरुडकडचा पेपर तोच. गाडी थांबत नाही कुणासाठी. गाठली. घरी येऊन न जेवता झोपलो.

५ नोव्हेंबर
सु. आज बायकोच्या हक्काने सरळच बोलली. "कंपनी व्हीआरएस देते म्हणतेय, तर घ्या की. किडनी गेलेल्या माणसाला कोण नावं ठेवणार आहे?"
म्हटलं, पान कोण लावणार?
"डेस्कवर मोहसीन आहे की. तुम्हीच शिकवलंय त्याला."
शिकवलंय. पोरगा हुशार आहे. पण त्याला गावं माहीत आहेत, गावातली माणसं नाहीत. हे मी बोललो नाही. सु. म्हणाली असती, तुम्हाला काय जन्मतः माहीत होती का.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
डाय. नंतर डोकं जड. तरी गेलो.
पाच वाजता शिरूर अनंतपाळहून कांबळेंचा फोन. झेरॉक्सचं दुकान चालवून आमची वार्ताहरकी करतात. टाईप करत नाहीत, सांगतात. मी लिहून घेतो. "सर, घ्या. हळू सांगायलो." तळ्यातल्या गाळाची बातमी. विचारलं, गावात कुणाशी बोललात? "सरपंच." अजून? "न्हाई." मग आधी ज्यांचं शेत तळ्याला लागून आहे त्यांच्याशी बोला. "हाव सर." दहा मिनिटांत परत फोन, आणि आता खरी बातमी. हा माणूस कधी कंटाळत नाही.
पान वेळेत सोडलं.

८ नोव्हेंबर
कांबळेंची बातमी आलीय, पण मथळा माझा नाही. खालच्या दोन बातम्याही मी वेगळ्या लावल्या होत्या असं वाटतं. वाटतं. नीट आठवत नाही. मोहसीनने न विचारता बदल केला असेल तर बरं नाही. विचारायला हवं.

१० नोव्हेंबर
विचारलं. "जागा कमी पडली सर, शेवटच्या मिनिटाला." माझ्याकडे न बघता बोलला. या पोराला खोटं बोलता येत नाही. पत्रकार म्हणून ही एक अडचणच.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारी मोहसीनला खाली चहाच्या गाड्यावर नेलं. मला चहा मोजून, म्हणून त्याच्यासाठी एकच सांगितला. म्हटलं, खरं बोल.
त्याने कप फिरवला. मग, "शुक्रवारी तुम्ही गुरुवारचंच पान सोडलं सर. फक्त वर तारीख बदललेली."
आदल्या दिवशीची फाइल उघडायची, तारीख बदलायची आणि मग जुन्या बातम्या काढून नव्या भरायच्या, ही माझीच पद्धत. मोहसीनलाही मीच लावलेली. शुक्रवारी मी तारखेवरच थांबलो होतो. नव्या बातम्या भरल्याचं मला आठवत होतं, ते बहुतेक आदल्या दिवशीचं.
त्याने अर्ध्या तासात अख्खं पान नव्याने लावलं. गाडीवाल्याच्या हातापाया पडला.
"याआधी?"
"याआधी मथळे. नावं. एकदा फोटो."
"कधीपासून?"
"दसऱ्यापासून. डायलिसिसच्या दिवशीच, सर. बाकी दिवशी नाही."
"संपादक साहेबांना माहीत आहे?"
"कुणालाच नाही."
"मला का नाही सांगितलंस?"
"कसं सांगू सर? पहिली ओळ कशी लिहायची ते मला तुम्ही..." कप गाड्यावर ठेवून दिला.
उघडं पडलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. माझी नाही, मी आजारी आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
डाय. मोबाईल सु.कडे दिला. तिने पर्समध्ये टाकला.
कदम मास्तरांना सांगितलं, सोडायचं ठरवतोय. म्हणाले, "मी रिटायर झालो तवा घंटा वाजली की उठून उभा राहायचो. बायकू म्हणायची, बसा, ती शेजारच्या शाळेची हाय." आणि मशीनकडे बोट दाखवून, "आता हिची घंटा. हिला मात्र उठून चालत न्हाई."
खूप हसलो. नंतर बरं वाटलं नाही.

१४ नोव्हेंबर
अर्ज दिला. प्रकृतीच्या कारणास्तव, एवढंच. पानातल्या चुकांचं सांगणार होतो, पण त्यात मोहसीन अडकला असता.
संपादक साहेबांनी वाचला, चष्मा काढला. "मुख्य ऑफिसला पाठवतो. पण लातूरच्या ऑफिसात प्रुफं बघायचं हलकं काम आहे. दुपारपुरतं. मुलगी तिथंच आहे ना तुमची? विचार करा, मग मला सांगा." तोपर्यंत आजारपणाची रजा, २३ पासून.
मुलीला फोन केला. आनंदली. "या की बाबा, दवाखानाही जवळ आहे इथं." सु. म्हणते, प्रुफं म्हणजे पुन्हा तेच. मला वाटतं ते म्हणजे काहीच नाही. दोघांचंही बरोबर असेल.

१८ नोव्हेंबर
कांबळेंचा फोन. "सर, तुमी जायलाव म्हणं. मोहसीनभाऊ लई चांगले हायत, पण ते म्हणत्यात टाईप करून धाडा. मला ते जमंल का आता?"
मोहसीनला बोलावलं, फोन स्पीकरवर टाकला, की-बोर्ड त्याच्याकडे सरकवला. सुरुवातीला दोघंही माझ्याशीच बोलत होते. मी उठून खिडकीशी गेलो. थोड्या वेळाने मागून मोहसीनचा आवाज, "काका, सरपंच सोडून कुणाशी बोललात?"
"आयला," कांबळे म्हणाले, "ह्यो पण तसलाच."

२२ नोव्हेंबर, शनिवार
डेस्कवरचा शेवटचा दिवस. निदान आत्ता तरी. हार नको म्हणून आधीच सांगितलं होतं, तरी पेढे आलेच. मला चालत नाहीत हे आठवून सगळे ओशाळले.
सहाला दोन बातम्या. चाकूरकडे तुरीच्या रानात बिबट्याच्या पायाचे ठसे, वन विभाग म्हणतो तरस असेल. आणि शिरूरकडच्या एका खेड्यातल्या मुलींचा खो-खोचा संघ राज्य स्पर्धेला निघालाय, फोटो सुंदर.
"सर, वरती लीड कुठली घेऊ?"
मला माहीत होतं. तोंडात आलं होतं.
"तू ठरव."
"चुकलो तर?"
"तर सकाळी फोन येतील. तुला."
पान जायच्या आधीच उठलो. जिन्यात थांबलो थोडा वेळ. दम लागला होता म्हणून, असं लिहितो.

२३ नोव्हेंबर, रविवार
मुख्य ऑफिसचं उत्तर नाही. लातूरबद्दल साहेबांना काय सांगायचं ते माझंही ठरलेलं नाही.
सकाळी पेपर पडल्याचा आवाज आला. मी पलंगावरच. सु.ने उचलला, आणि आजवर कधी केलं नाही ते केलं. चष्मा लावून व्हरांड्यात स्वतःच वाचायला बसली, आतलं लातूरचं पान उघडून. इथून फक्त तिच्या हातातली पाठची जाहिरात दिसतेय.
एकदा हसली. कशाला, ते सांगितलं नाही. मीही अजून विचारलेलं नाही.