तिन्हीसांजेची खिडकी

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या उइटहॉर्नमधल्या खुराड्याएवढ्या फ्लॅटमधून सुटका झाली. इथे आल्टनवेरला अख्खं घर मिळालंय, मागे नदी. अंबरीशची नवी नोकरी इथलीच, आणि आमच्या सहा वर्षांच्या नीलांबरीला झाडाला झोका हवाय. गाव मुळात जर्मन. मधे कधीतरी सीमा सरकली नि गाव जागचं न हलता डच झालं. जुनी दगडी वेस अजून उभी आहे. कुणाच्याच घराला पडदे नाहीत, रस्त्यावरून सगळ्यांची ताटं दिसतात. देव्हारा अजून खोक्यात आहे, म्हणून तिन्हीसांजेला निरांजन स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलं. नीलूने हात जोडले, डोळे मात्र शिऱ्याच्या वाटीकडे.

७ नोव्हेंबर
शेजारच्या ट्रुडाबाई दारात आल्या. वाटलं, केक आणला असेल. कसलं काय. म्हणाल्या, खिडकीतला दिवा काढा. चारशे वर्षांपूर्वी साथ आली, तेव्हा गावाने वेस लावून घेतली आणि नदीपलीकडची माणसं बाहेर ठेवली. ती वेशीशीच गारठून मेली. इथे संध्याकाळी खिडकीत ज्योत ठेवली, की त्या मेलेल्यांसाठी आत जागा आहे, या, असा अर्थ होतो म्हणे. अंबरीश म्हणाला, जाऊ दे, हलव. पण माझ्या घरात दिवा कुठे लावायचा ते ही बाई ठरवणार? मी मुद्दाम दोन वाती लावल्या.

९ नोव्हेंबर
बेकरीतल्या बाईने माझ्याकडे पाठ फिरवली. खिडकीच्या काचेवर चिखलाचे पंजे उमटलेत. ह्यांना आपण डोळ्यांसमोर नको आहोत, दुसरं काही नाही. नीलू म्हणते, बाहेर माणसं उभी असतात, कुडकुडत. म्हटलं, असू देत, शेजारीच असतील.

१२ नोव्हेंबर
मी पाहिली ती माणसं. दिवा लावला आणि — अंगणात, ओळीने. कपडे ओले, ओठ निळे. सगळी नीलूकडे पाहत होती. दिवा विझवला. गेली नाहीत. अंबरीश कामासाठी अ‍ॅमस्टरडॅमला, उद्या रात्री येईल.

१३ नोव्हेंबर
आज दिवा लावलाच नव्हता. तरी आली. दार नीलूने उघडलं. दारात आलेल्याला आत घ्यावं — मीच शिकवलंय. स्वयंपाकघरभर ओली पावलं. खुंटीवरची पर्स ओढली, तिला उचलून पळाले. फोन आतच राहिला.

ट्रुडाबाईंचं दार ठोठावलं. पडदा नाही, सगळं दिसत होतं. जेवत होत्या. माझ्याकडे पाहिलं. उठल्या नाहीत. पुढचं घर — तेच. त्यापुढचं —

वेशीच्या पायरीवर बसलोय. पर्समध्ये ही वही होती. अंबरीशला कळावं म्हणून लिहितेय. नीलूचे ओठ निळे पडलेत.

आमच्या खिडकीत दिवा लागलाय. मी नाही लावला.

नीलू म्हणते, आत जागा आहे, ते बोलावतायत आपल्याला. घट्ट धरलंय मी तिला. पण हात ओला आहे तिचा, निसट —